मक्याच्या मुलखातील सरकारी पैसा

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर सीमेवर, मिनेसोटाला लागून, कोसूथ नावाची एक काउंटी आहे. आपल्या तालुक्याहून मोठा आणि जिल्ह्याहून लहान असा हा कारभाराचा घटक. आयोवात अशा ९९ काउंट्या असून क्षेत्रफळाने त्यांत कोसूथ पहिली येते. हंगेरीच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता लायोश कोशूत याचे नाव १८५१ साली या मुलखाला देण्यात आले, तेव्हा येथे पुरुषभर उंचीचे गवत आणि त्यामधून पसरलेल्या पाणथळ खळग्या यांवाचून फारसे काही नव्हते. पुढे वसाहत करणाऱ्या लोकांनी जमिनीच्या पोटात भाजक्या मातीच्या नळ्या पुरून ते पाणी ओढ्यानाल्यांत सोडले, आणि त्याखालून जी काळीभोर, खोल जमीन हाती आली ती आज मका आणि सोयाबीन या दोन पिकांनी क्षितिजापर्यंत व्यापलेली असते. १९४० साली या काउंटीत सव्वीस हजारांहून अधिक माणसे राहत होती. २०२० च्या शिरगणतीत ती पंधरा हजारही भरली नाहीत. या ऐंशी वर्षांत येथील दर एकरी उत्पन्न कित्येक पटींनी वाढले, आणि शेतीला द्यावयाच्या सरकारी द्रव्याचा ओघही बहुतेक अखंडपणे वाहत राहिला. ज्या शेतकऱ्याला गावात टिकवून धरावे म्हणून हे द्रव्य देण्याचा परिपाठ सुरू झाला तो शेतकरीच तेथून का उणावला, हा प्रश्न मला त्या देशाच्या कृषिनीतीतील सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम ते द्रव्य कसे, कोणाला आणि कशाच्या आधारावर दिले जाते हे समजून घेतले पाहिजे.

या कथेचा आरंभ अत्यंत क्लेशकारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याला जो भाव आला त्याच्या भरवशावर जमिनी गहाण टाकून जमिनी विकत घेणाऱ्या आयोवातील शेतकऱ्यांना पुढील दशकभर भाव घसरत गेल्याने सावरताच आले नाही, आणि १९३२ च्या अखेरीस मका बुशेलला, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोंना, दहा-बारा सेंट अशा भावाने जाऊ लागला, तेव्हा कोळसा विकत घेण्यापेक्षा मकाच चुलीत घालणे स्वस्त अशी अवस्था आली. ठिकठिकाणी जप्त्या आणि लिलाव सुरू झाले. मायलो रेनो या शेतकरी पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शहरांकडे जाणारे रस्ते अडवले, आणि लिलावाच्या जागी जमून, परक्याला बोली करू न देता, आपल्या शेजाऱ्याची चीजवस्तू काही सेंटांना घेऊन त्याची त्याला परत करण्याचा मार्ग त्यांनी शोधला. २७ एप्रिल १९३३ रोजी ल मार्स या गावी संतप्त जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना न्यायासनावरून ओढून नेले, त्यांच्या गळ्यात दोर अडकवला, आणि यापुढे जप्तीच्या हुकुमांवर सही करणार नाही अशी शपथ घ्यावी म्हणून त्यांना मरणाच्या दारापर्यंत नेले. त्यांनी शपथ घेतली नाही. जमावानेही अखेर त्यांना जिवंत सोडले. राज्यपालांनी तेथे लष्करी अंमल पुकारला. शांत, धर्मभीरू, आपल्या घामावर जगणाऱ्या माणसांनी न्यायाधीशाच्या गळ्याला दोर लावावा इतकी त्यांची कोंडी झाली होती, आणि या घटनेनंतर जेमतेम पंधरवड्याने, १२ मे रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कृषि-समायोजन कायद्यावर स्वाक्षरी केली.

तो कायदा अमलात आणणारे कृषिमंत्री हेन्री वॉलेस हे आयोवाचेच सुपुत्र. त्यांचे वडीलही पूर्वी त्याच पदावर होते, आणि स्वतः वॉलेस संकरित मक्याच्या बियाण्याचे आद्य प्रवर्तक होते. पीक कमी करावे, म्हणजे भाव चढेल. आणि जो कमी करील त्याला सरकारने मोबदला द्यावा, हे त्या कायद्याचे मूलतत्त्व. १९०९ ते १९१४ या वर्षांत एक बुशेल धान्य विकून शेतकऱ्याला बाजारातून जेवढे जिन्नस आणता येत तेवढे पुन्हा आणता यावेत, असे उद्दिष्ट ठरले. कापसाची उभी पिके नांगरून टाकण्यात आली, सुमारे साठ लाख डुकरांची पिले मारण्यात आली, आणि देशात माणसे उपाशी असताना हे घडावे याची बोचणी खुद्द वॉलेस यांनाही लागली. कोसूथसारख्या काउंट्यांत याहून अधिक लोकप्रिय झाली ती मक्याच्या तारणावरील कर्जाची व्यवस्था. १९३३ च्या हिवाळ्यात शेतकऱ्याने आपल्या कणगीतील मका सरकारी मोहोर लावून बंद करावा आणि बुशेलमागे ४५ सेंट उचलावे. भाव वर गेला तर मका विकून कर्ज फेडावे, आणि न गेला तर मका सरकारच्या हवाली करून ऋणमुक्त व्हावे. नुकसान झाले तर ते सरकारचे. सावकाराच्या आणि बँकेच्या कचाट्यात पिढ्यान्‌पिढ्या सापडलेल्या शेतकऱ्याला हे कर्ज केवढे मोठे आश्वासन वाटले असेल, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुकाळात साठा करावा आणि दुष्काळात तो खुला करावा ही वॉलेस यांची कल्पना प्राचीन चीनमधील कोठारांच्या पद्धतीवरून आलेली होती, आणि तिच्यात खरोखर दूरदृष्टी होती.

तथापि त्याच पहिल्या दोन वर्षांत या व्यवस्थेतील एक दोष उघडा पडला, आणि तो पुढे कधीच पुरता गेला नाही. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवर जमीन मालकाची आणि कष्ट वाटेकरी कुळाचे अशी रीत होती. जमीन पडीत ठेवण्याबद्दल सरकारने दिलेला मोबदला मालकाच्या हाती पडे. त्यातील कुळाचा वाटा त्याने द्यावा अशी अपेक्षा असे, परंतु जी जमीन कसावयाचीच नाही तिच्यासाठी कुळ तरी कशाला ठेवा, असा विचार करून अनेक मालकांनी कुळांना घरांतून बाहेर काढले. आर्कान्सा राज्यातील टायरॉन्झा येथे १९३४ साली गोऱ्या व काळ्या कुळांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला तो याच अन्यायातून. आणि कृषिखात्यातील जे तरुण वकील कुळांची बाजू घेऊन उभे राहिले त्यांना १९३५ साली पदच्युत व्हावे लागले. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, सरकारने जमिनीच्या संधारणाचे निमित्त पुढे करून तोच मोबदला नव्या रूपात चालू ठेवला, १९३८ व १९४९ साली नवे कायदे झाले. पण पैशाची नाळ जमिनीशी जोडलेली राहिली.

युद्धोत्तर काळात या आधारामुळे धान्याचे डोंगर साचले. त्यांचे करावयाचे काय, या विवंचनेतून १९५४ साली पी. एल. ४८० या नावाने जगप्रसिद्ध झालेला कायदा निघाला, आणि त्यान्वये डॉलरऐवजी रुपयांत किंमत घेऊन भारताला धान्य मिळू लागले. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आपल्या बंदरांत उतरले. त्यातील मोठा भाग अमेरिकेचा होता. साठीच्या दशकात रेशनच्या रांगेत उभे राहून घरी आणलेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली त्यांच्या ताटापर्यंत अशा रीतीने तेथील हमीभावाचा परिणाम पोहोचला होता. त्या धान्याने माणसे वाचली हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. त्याबरोबरच, ते स्वस्त धान्य येत राहिल्याने आपल्या शेतकऱ्याच्या भावावर दडपण आले, असा आक्षेप त्या काळापासून घेतला गेला आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पुढील स्थित्यंतरे थोडक्यात सांगता येतील. १९७३ मध्ये कर्जाच्या जोडीला ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतील फरक रोख देण्याचा प्रघात पडला. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवातील जमिनीची सरासरी किंमत एकरी २१४७ डॉलरवरून ७८७ डॉलरवर कोसळली आणि हजारो कुटुंबे शेतीतून उठली; त्याच संकटात, १९८५ साली, धूप होणारी जमीन दहा वर्षे गवताखाली ठेवण्याबद्दल खंड देण्याची योजना आली, जी मला या सर्व योजनांत अधिक शहाणपणाची वाटते. १९९६ मध्ये बाजाराशी काही संबंध न ठेवता दरसाल ठरीव रक्कम देऊन हळूहळू हात काढून घेण्याचे ठरले; भाव पडताच तो बेत कागदावरच राहिला, उलट नव्या मदतीची भर पडली. २०१४ मध्ये ती ठरीव रक्कम बंद होऊन सांप्रतची पद्धत आली.

ही सांप्रतची पद्धत अल्गोना या कोसूथच्या मुख्य गावी असलेल्या सरकारी कृषिकचेरीत चालते. प्रत्येक शेताला तेथे एक क्रमांक असतो, विमानातून घेतलेल्या छायाचित्रावर त्याच्या सीमा आखलेल्या असतात, आणि शेतकऱ्याने दर उन्हाळ्यात आपण कोणत्या तुकड्यात काय पेरले याची नोंद तेथे करून द्यावयाची असते. आपल्या पीकपाहणीची आठवण व्हावी असाच हा दप्तराचा भाग आहे. परंतु भाव वा उत्पन्न कोसळल्यावर मिळणारी मुख्य मदत या पेऱ्यावर ठरत नाही; ती ठरते ‘बेस एकर’ नामक आकड्यावर. पूर्वी कधी काळी त्या शेतात कोणते पीक किती एकरांवर होते याची दप्तरात गोठवून ठेवलेली ही नोंद असून, २००२ व २०१४ साली ती बदलून घेण्याची संधी कायद्याने दिली ती जमिनीच्या मालकाला. समजा, एका शेताला मक्याचे शंभर बेस एकर आहेत आणि त्याचे नोंदलेले उत्पन्न एकरी १२० बुशेल आहे. २०१९ च्या पिकाचा राष्ट्रीय सरासरी भाव ३ डॉलर ५६ सेंट निघाला, कायद्यातील आधारभाव ३ डॉलर ७० सेंट होता. तेव्हा फरक १४ सेंटांचा. शंभरांपैकी ८५ एकर हिशेबात धरावयाचे, त्यांना १२० ने आणि १४ सेंटांनी गुणावयाचे, म्हणजे १४२८ डॉलर होतात. ते मिळतात पुढील वर्षाच्या ऑक्टोबरात, आणि त्या शेतात त्या वर्षी मका पेरला होता की सोयाबीन, याची विचारपूस होत नाही.

दुसरा पर्याय काउंटीच्या उत्पन्नाच्या हमीचा. मागील पाच वर्षांतील सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे वर्ष वगळून भाव व उतारा यांची सरासरी काढावयाची, आणि यंदाचे काउंटीचे एकरी उत्पन्न तिच्या ८६ टक्क्यांखाली गेले तर तूट भरून द्यावयाची, असे २०१४ च्या कायद्याने ठरवले. येथे एका शेताचे दुःख मोजले जात नाही, मोजली जाते सर्व काउंटीची सरासरी. गारपिटीने एकाच गावाचे पीक झोडपले आणि बाकी मुलूख हिरवा राहिला तर त्या गावाला यातून काही मिळत नाही. गावाच्या पैसेवारीने आपल्या शेतकऱ्याचे जे होते तेच हे. व्यक्तिगत नुकसानीसाठी तेथे पीकविमा असतो, आणि त्याच्या हप्त्यापैकी सरासरीने सुमारे साठ टक्के भाग सरकार भरते. रोख अनुदानाला दर इसमामागे कमाल मर्यादा आहे, विम्याच्या या सवलतीला नाही. म्हणून जेवढी शेती मोठी, तेवढी ही सवलतही मोठी.

या नियमबद्ध व्यवस्थेवर २०१८ पासून तात्कालिक मदतीची एक लाट आली. त्या वर्षीच्या जुलैत चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जकात बसवली, गिऱ्हाईक गेले, भाव पडला, आणि सरकारने सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट भरपाई जाहीर केली. मक्याला मात्र एक सेंट. पाचशे एकरांवर एकरी दोनशे बुशेल मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती या हिशेबाने एक हजार डॉलर पडावेत, आणि तेवढ्याच पैशांसाठी सोयाबीनवाल्याला सहाशे-सातशे बुशेल पुरावेत, असा हा दर होता. दुसऱ्या वर्षी पिकांचा भेद काढून प्रत्येक काउंटीला एकरी १५ ते १५० डॉलरांमधील एक दर ठरवून दिला, तेव्हा काउंटीच्या सीमेवरच्या रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेत, माती एक, पीक एक, पाऊस एक असूनही, निरनिराळ्या दराचे धनी झाले. या दोन वर्षांच्या योजनेवर सुमारे २३ अब्ज डॉलर खर्च झाले. २०२० मध्ये महामारीची मदत मिळून देशभरातील थेट सरकारी देणे ४६ अब्जांच्या घरात गेले. एवढे मोठे द्रव्य संसदेत तपशीलवार चर्चा न होता खात्याच्या अधिकारात वाटले जावे, हे लोकसत्ताक राज्याला शोभणारे नाही.

आता हे द्रव्य कोणाच्या पदरात राहते ते पाहू. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते, आणि २०२२ च्या पाहणीनुसार राज्यातील दोन-तृतीयांश जमिनीचे मालक पासष्टी ओलांडलेले आहेत. त्यांत नांगर ठेवलेले वृद्ध शेतकरी आहेत, त्यांच्या विधवा आहेत, दूरच्या शहरांत नोकरी करणारी मुलेमुली आहेत. रोख खंडाच्या करारात अनुदानाचा धनादेश कसणाऱ्याच्या नावाने निघतो. परंतु जमिनीसाठी चढाओढ करणारे चार कसणारे आणि जमीन एक, अशा ठिकाणी अमुक शेताला अमुक अनुदान मिळते ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक असते, आणि ती खंडाच्या बोलीत मिळून जाते. किती भाग मिळून जातो याविषयी अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे, तो कोणत्या दिशेने जातो याविषयी नाही. वाढलेल्या खंडावरून जमिनीची किंमत वाढते. २०२३ मध्ये आयोवात ती सरासरी एकरी ११,८३५ डॉलर झाली. मक्याच्या मद्यार्काला कायद्याने मिळालेली मागणी, व्याजाचे दर, चांगली पिके ही कारणेही तिच्यामागे आहेत; तरी अनुदानाचा आधार काढून घेतला असता तर ती इतकी राहती काय, असा प्रश्न उरतोच. ज्या तरुणाला वडिलार्जित जमीन नाही त्याने या भावाने शेतीत उतरावे कसे?

याखेरीज मोठ्यांना मोठे करणारी दुसरीही वाट आहे. मर्यादा दर इसमामागे असल्यामुळे भागीदारी पेढीत जितके भागीदार तितक्या मर्यादा, आणि शेतात प्रत्यक्ष राबण्याची अट ‘व्यवस्थापन’ या शब्दाने भागते. २०१८ च्या कायद्याने तर चुलत-मावस भावंडे आणि भाचे-पुतणे यांनाही या सवलतीसाठी धरावयाच्या ‘कुटुंबा’त सामील करून घेतले. १९९५ पासूनच्या पाव शतकात पिकांवरील अनुदानाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेला, हा हिशेब सरकारी दप्तरे मिळवून ती लोकांपुढे ठेवणाऱ्या एका संस्थेने मांडला, म्हणून तो आपल्याला कळला. काउंटीवार, नाववार याद्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा खेड्यांतील पुष्कळांना शेजाऱ्यासमोर उघडे पडल्यासारखे वाटले असेल. परंतु सार्वजनिक द्रव्याची अशी रुजुवात होणेच योग्य होय. टेक्सासात भाताची जुनी शेते घरबांधणीसाठी विकली गेली तरी त्या घरांच्या मालकांना अनुदान येतच राहिले, हे २००६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने उघडकीस आणले तेही दप्तरे तपासूनच.

या कारभाराची एक बाजू मला मनापासून आदरणीय वाटते. काउंटीच्या कचेरीवर देखरेख करणारी समिती शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडलेली असते. परंतु ही स्थानिक सत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांनी दक्षिणेत तिचा वापर काळ्या शेतकऱ्यांची कर्जे अडवण्यासाठी आणि त्यांना डावलण्यासाठी केला, याची किंमत फार मोठी आहे. १९२० मध्ये देशात सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. १९९७ मध्ये वीस हजारही उरले नव्हते. १९९९ साली पिगफर्ड खटल्यात सरकारने तडजोड मान्य केली आणि पुढे एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई दिली, पण तोवर त्यांच्या जमिनी परक्या नावांवर चढलेल्या होत्या.

कोसूथच्या शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. बियाणे, खत, यंत्र यांच्या किमती तो ठरवत नाही, पिकाचा भाव शिकागोच्या बाजारात ठरतो, जकातीचे युद्ध त्याला न विचारता सुरू होते. आधार नसता तर १९८५ सारख्या वर्षांत आणखी कित्येक घरे बुडाली असती, आणि पडेल भावात ती जमीन ज्याच्याजवळ रोकड होती त्यानेच घेतली असती. मोठ्या यंत्रांमुळे थोड्या हातांत अधिक एकर मावतात, म्हणून गावे रिकामी होणे अनुदानाविनाही काही प्रमाणात अटळ होते. हे सर्व मला मान्य आहे. परंतु शेजाऱ्याची जमीन घेण्याची ऐपत ज्याला आधीच होती त्याच्याच हाती सरकारने अधिक बळ द्यावे, आणि याच काउंटीतील टायटोंकासारख्या गावाची शाळा अल्गोनाच्या शाळेत विलीन होताना तेच सरकार ग्रामजीवनाच्या रक्षणाची भाषा बोलत राहावे, यात मोठा विसंवाद आहे.

आपल्याकडे शरद जोशी यांनी ‘उणे सबसिडी’चा सिद्धांत मांडून दाखवले की श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला देतात आणि आपले सरकार निर्यातबंदी व लेव्ही यांच्या द्वारे त्याच्याकडून काढून घेते. विदर्भातील कापूस उत्पादकाला अमेरिकी कापसाच्या अनुदानाशी झुंजावे लागते हे त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेपुढे नेलेल्या फिर्यादीत ते अनुदान नियमबाह्य ठरले. तरी अमेरिकेप्रमाणे आपणही द्यावे, असे म्हणताना कोसूथकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते. २०१९ पासून पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाला ६००० रुपये मिळतात ते जमीनधारक कुटुंबाला. बटाईने वा खंडाने परक्याची जमीन कसणारा, आणि सातबाऱ्यावर जिचे नाव चढलेले नाही ती शेतात जन्मभर राबणारी स्त्री, यांना त्या यादीत जागा नाही.

अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी नवा कायदा झाला. मक्याचा आधारभाव ३ डॉलर ७० सेंटांवरून ४ डॉलर १० सेंटांवर गेला, सोयाबीनचा ८ डॉलर ४० सेंटांवरून १० डॉलरवर. दर इसमाची कमाल मर्यादा १,५५,००० डॉलर झाली, आणि तीन कोटींपर्यंत नवे बेस एकर नोंदण्याची मुभा मिळाली. या वाढीव दराचा पहिला पैसा ऑक्टोबर २०२६ पूर्वी कोणाच्या हाती पडणार नव्हता. परंतु आयोवाच्या कायद्यानुसार शेतीचा करार पुढील १ मार्चला संपवावयाचा, अथवा त्याचा खंड नव्याने ठरवावयाचा, तर मालकाने कसणाऱ्याला १ सप्टेंबरपर्यंत नोटीस द्यावी लागते. म्हणजे मालकांना नव्या आधारभावाचा हिशेब करून ती नोटीस धाडण्यास आठ आठवडे होते, आणि ती ज्याला मिळाली त्याला वाढीव खंड कबूल करावयाचा की जमीन सोडावयाची याचा निर्णय अनुदानाच्या धनादेशापूर्वी कित्येक महिने घ्यावयाचा होता.